खोक्याचं तारू

झाशीच्या नगरा नावाच्या वस्तीत मार्था घरीच बालवाडी चालवायची. या आठवड्याची गोष्ट बायबलातल्या नोहाच्या तारवाची. सोमवारी मुलांनी बुटांच्या खोक्याचं तारू केलं. रोज त्यात प्राण्यांच्या जोड्या चढवायच्या आणि शुक्रवारी, गोष्टीतल्या महापुराआधी, दार लावायचं. पण बुधवारी गल्लीत आवई उठली, “टीचर पोरांना बाटवते,” आणि शुक्रवारी एकटी ज्ञानदा आली. तिने कागदी हत्तींची जोडी पुढे केली, तोच तिला घरी न्यायला तिची आजी दारात उभी. “टीचरजी, तुमच्याबद्दल तक्रार नाही हो. पण आम्हालाही याच मोहल्ल्यात राहायचंय.” मार्थाने ज्ञानदाचा डबा तिच्या दप्तरात भरला. ज्ञानदाने एक हत्ती तारवात ठेवला, दुसरा मुठीत धरला. “दरवाजा बंद नका करू, टीचर. सोमवारी यालाही आणते.” मार्थाने मान डोलावली. त्या गेल्यावर खोक्याचं दार तिने उघडंच ठेवलं. घराला आतून कडी घातली.