शांततेची सूचना

हे लिहिणारच नव्हतो, कारण आधीच लोक म्हणतात की आमच्या स्लोव्हाक गावाला पाहुण्याची कदर नाही. उलट आहे. आम्ही अती करतो.

माझा मित्र सिरिल याने घराच्या माडीवर पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. या उन्हाळ्यात गिऱ्हाईक आलं नाही तर तो ऑस्ट्रियात कारखान्यावर जाणार होता. शेवटी ब्रातिस्लाव्हाहून एक बाई आल्या. म्हणाल्या, "मला फक्त शांतता हवीय."

सिरिलने हे कौतुकाने सरपंचांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे गावाला सूचना देणारे खांबाखांबावरचे कर्णे खरखरले. आधी नेहमीप्रमाणे बँडचं एक अख्खं गाणं, मग सरपंच: "नागरिकहो, गावात पाहुण्या बाई आल्यात. त्यांना शांतता हवीय. कोंबडे कोंडा, गवत कापू नका!"

गाव चिडीचूप झालं. तरी सरपंचांना खात्री वाटेना, म्हणून दर तासाला पुन्हा गाणं आणि पुन्हा सूचना.

दुपारच्या बसने बाई गेल्या.

लगेच गाणं वाजलं. "नागरिकहो, पाहुण्या बाई आवाजाला वैतागून गेल्या. गोंगाट कोणी केला, ते ताबडतोब कळवा!" चौघांनी धावत जाऊन आपापल्या शेजाऱ्याच्या कुत्र्याचं नाव सांगितलं.

सिरिल पायरीवर बसून बॅग भरत होता. "जातो रे मी. इथे काय राहिलंय?"

"गप, बॅग आत ठेव," मी म्हणालो. "पुढचं गिऱ्हाईक मी आणतो. शब्द देतो तुला, ठार बहिरं बघून आणतो."