ग्रेसीचा घाम

"पुन्हा मिठाची बरणी इकडे आणलीस. आता बटाटे अळणीच गिळायचे का आपण?" तबेल्याच्या अर्ध्या दारावर कोपरं टेकून नूला पुटपुटली.

नवऱ्याने ऐकलं नाही, किंवा ऐकलं नसल्यासारखं केलं. मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून कोलमन ग्रेसीची पाठ चोळत होता. खोगीर बसतं ती जागा, मग पोटाखाली तंग आवळतात ती. मिठाने कातडी राठ होते, दिवसभर खोगीर घासलं तरी सोलवटत नाही. घोडी कुरणातून आणली की पहिले पंधरा दिवस करायचं हे काम. आणली होती ऑगस्टमध्ये. आता नोव्हेंबर सरत आला होता.

त्याने काही कमी केलं नव्हतं. सहा आठवडे डांबरी रस्त्यावर नुसती चाल, पाय टणक व्हायला. मग दुडकी, मग चर्चमागचा चढ. कुरणातलं पोट उतरलं, तंग तीन भोकं आत गेला. शिकारीचा मोसम लागून चार शनिवार झाले. चारही शनिवारी कोल्ह्यामागे कुत्री सुटली, त्यांच्यामागे सगळे घोडेस्वार शेतांचे दगडी गडगे ओलांडत गेले, आणि कोलमन ग्रेसीला घेऊन रस्त्यावर फिरून आला.

"अजून थोडी कच्ची आहे," तो म्हणायचा.

"हो का? मग घाई नको," लोक म्हणायचे, आणि पावसापाण्याचं बोलायला लागायचे. नूलाने तर फोनवर दोनदा घोडीला खोकला लावून दिला होता. फेब्रुवारीत एका गडग्यावर अडखळून ग्रेसी त्याच्या अंगावर पडली होती. आयर्लंडच्या या गॉलवेत माणसाच्या दारूवर बोलतात, बायकोवर बोलतात. यावर नाही बोलत.

अंगणात गाडी थांबली. केस भादरायचं यंत्र काखोटीला मारून डिम्फ्ना आत आली. मोसमाच्या तोंडावर पंचक्रोशीतल्या घोड्यांचे हिवाळी केस तीच काढते. खोगिराखाली नि पायांवर तेवढे ठेवते.

"सगळ्यांचे घोडे झाले, तुझी घोडी तेवढी राहिली. अस्वल झालंय नुसतं."

"तुला कुणी बोलावलं?"

"मी," नूला म्हणाली, आणि बरणीचं झाकण शोधायला लागली.

"तयार नाही गं ती अजून. सकाळी चढावरून आणली तर घामाने निथळत होती."

"लोकरीचा कोट घाल आणि तू चढ तो चढ. मग तुझा घाम बघू आपण."

नूलाला हसू आलं. कोलमनला नाही. चाळीस वर्षं घोड्यांत काढलेला माणूस. केसाळ घोडी कशाने घामेजते हे त्याला ठाऊक होतं. त्याला ठाऊक आहे, हे दोघींना ठाऊक होतं.

"अजून एक आठवडा दे."

"मागच्या आठवड्यातही एकच म्हणाला होतास." डिम्फ्नाने ग्रेसीच्या अंगावरून हात फिरवला. "पाठ भिजवून ठेवलीयस. असू दे, मानेपासून घेते. दोर धर."

त्याने दोर धरला. यंत्र घरघरायला लागलं. ग्रेसीने एक कान मागे केला आणि शांत उभी राहिली. केसांचा पहिला पट्टा खाली पडला. आतून मान निघाली ती तकतकीत, दगडासारखी घट्ट. दुसरा पट्टा पडला. तबेला त्या आवाजाने भरून गेला होता, आणि त्यात कोलमनचे ओठ हलले.

डिम्फ्नाने यंत्र बंद केलं.

"काय म्हणालास?"

'काही नाही' म्हणाला असता तरी चाललं असतं. दोघींनी ते मानूनही घेतलं असतं. नूलाने तर चहाचं विचारायला तोंडही उघडलं होतं.

कोलमनने भादरलेल्या मानेवर तळवा ठेवला.

"म्हटलं, घोडी केव्हाचीच तयार आहे. मला भीती वाटते."