कमरेएवढी भिंत

“भिंत कमरेएवढीच आहे,” सून म्हणाली आणि तिथल्या तिथे तिने घर नापास केलं. अजून दारसुद्धा उघडायचं होतं.

एजंट किल्ल्यांच्या जुडग्यातून किल्ली शोधत हसला. “मॅडम, आधी आत तर या. असं सुटं घर, चारी बाजूंनी मोकळं, हल्ली बघायला मिळत नाही. जुनं ते सोनं.”

सोनं बऱ्यापैकी काळवंडलेलं होतं. नवऱ्याने भिंतींवर टिचक्या मारल्या, नळ सोडून धार बघितली, न्हाणीघराचा कोपरा हाताने चाचपला. तिथे ओल होती. पण भेगा वरवरच्या होत्या, खिडक्यांचं लाकूड ठणठणीत होतं आणि खोल्यांत उजेड भरपूर होता. त्याला घर आवडलं. सून मात्र प्रत्येक खिडकीतून बाहेरच्या त्या भिंतीकडेच बघत होती. खरं तर ती घर बघायला आलीच नव्हती. सासूबाईंना जिथून बाहेर पडता येणार नाही, अशी जागा ती शोधत होती.

सासूबाईंना हल्ली काही आठवत नसे. पाय मात्र शाबूत होते. डोळा चुकला की त्या निघाल्याच. मध्ये एकदा अशाच गेल्या. नवरा-बायकोने सगळे रस्ते पालथे घातले, पोलिसांत जाऊन फोटो दिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सासूबाई सापडल्या त्या आपल्याच इमारतीत, दोन मजले खाली, एका कुलूप लावलेल्या दारासमोर बसलेल्या. सकाळपासून माणसं त्यांच्या बाजूने जिना चढत-उतरत होती. कुणाची तरी आजी असेल, असं प्रत्येकाला वाटलं होतं. कुणाची, ते विचारायला कुणी थांबलं नाही. इतकी वर्षं त्याच इमारतीत राहून त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून सुनेचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

“आणि ही गल्ली तर नकोच,” ती नवऱ्याला हळूच म्हणाली. “भिंतीला कान असतात म्हणतात. इथे तोंडं पण आहेत.”

तिचंही चुकत नव्हतं. गाडी थांबते न थांबते तोच समोरच्या घरातले निवृत्त मास्तर येऊन उभे राहिले होते. कुठून आलात, दोघंही नोकरी करता का, मुलं किती, आधीचं घर का सोडताय? सुनेने “बघतोय अजून” एवढ्यावर त्यांना तोडून टाकलं होतं. त्यांच्या वरच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालायचे सोडून खाली वाकली होती. कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवून मान लांब केली होती. नसती उठाठेव करणाऱ्यांचं संमेलनच भरलं होतं म्हणा ना.

गच्ची गळते का, ते बघायचं राहिलं होतं. बरोबर आणलेल्या सासूबाईंना ओसरीत खुर्ची दिली, एजंटला लक्ष ठेवायला सांगितलं आणि दोघं वर गेली. तेवढ्यात एजंटला फोन आला. तो बोलत बोलत मागच्या अंगणात गेला. परत आला तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि फाटक सताड उघडं होतं.

एजंटची हाक ऐकून सून गच्चीवरून खाली आली. ती अनवाणीच रस्त्यावर धावली.

“अहो, शिंप्याच्या बाजूला!” गॅलरीतली बाई वरून ओरडली. “मास्तरांना मागे पाठवलंय मी!”

शिंपी आधीच दुकानाबाहेर येऊन उभा होता. “निळ्या स्वेटरच्या आजी ना? डावीकडे वळल्या बघा. चपला उलट्या घातल्या होत्या, मी सरळ करून दिल्या.”

डावीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर मास्तर बसले होते. शेजारी सासूबाई होत्या.

“बरं, मग धाकट्या भावाचं पुढे काय झालं?” मास्तर विचारत होते.

सासूबाई हात नाचवत सांगत होत्या, भाऊ झाडावर चढला कसा आणि खाली उतरेना कसा. घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. ती सुरू झाली की कुणाला ना कुणाला काम आठवायचं. इथे त्यांना पुढचं विचारणारं माणूस भेटलं होतं. त्यांचा चेहरा असा फुललेला सुनेने कित्येक दिवसांत बघितला नव्हता. जिवात जीव आला आणि तिला रडूच फुटलं.

“रडताय कशाला?” मास्तर जरा घुश्शातच होते. “भावाकडे निघाल्या होत्या. म्हटलं, चला, मलाही तिकडेच जायचंय. तुम्ही मघाशी धड काही सांगितलं नाहीत, म्हणून म्हटलं यांनाच विचारावं.”

सून सासूबाईंच्या पायाशी खालच्या पायरीवर बसली. “त्यांना काही आठवत नाही हो,” ती म्हणाली. “कधीही, कुठेही निघतात.”

“मग हे आधी नाही का सांगायचं?” मास्तर म्हणाले. मागून आलेल्या शिंप्यानेही मान हलवली.

नवराही धावत आला आणि आईचा हात धरून उभा राहिला. त्याच्या मागोमाग एजंट धापा टाकत आला. सौदा हातचा गेला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“मॅडम, मालकांशी आत्ताच बोललो,” तो घाईघाईने म्हणाला. “भिंत पुरुषभर उंच करून देतात. वर काचा लावू. आजींना बाहेरचं काही दिसायचंसुद्धा नाही.”

सुनेने डोळे पुसले.

“त्या भिंतीला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “उंच केली तर आई या सगळ्यांना दिसणार कशा?”