नऊ ते पाचची वीज

"हे घर तुम्ही कधीपासून टाळताय," मोटारसायकल लावता लावता अमरसिंह म्हणाला. "आज मी आहे सोबत. चला."

शिवरंजनीनं गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं आणि पदर डोक्यावर घेतला.

अमरसिंह वैतागला होता, आणि वैतागायला कारण होतं. वीज कंपनीनं घरोघरी नवे मीटर बसवले, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतली वीज स्वस्त केली, आणि ही साधी गोष्ट लोकांना समजावून सांगायचं काम त्याच्या एजन्सीला दिलं. साधी गोष्ट समजावण्याइतकं अवघड काम दुसरं नसावं, असं आता त्याचं ठाम मत झालं होतं. भूमला एका गृहस्थानं दिवसा वीज स्वस्त म्हणून भर उन्हात घरातले सगळे दिवे चालू ठेवले होते. तेरला एकानं विचारलं होतं, की स्वस्तातली वीज हलकी असते का, मोटर जळली तर भरून कोण देणार.

अणदूरची शिवरंजनी मात्र त्याची सगळ्यात चांगली कार्यकर्ती. कार्यकर्तीच्या घरादाराची चौकशी करणाऱ्यांतला तो नव्हता. काम बघायचा, आणि हिचं काम चोख होतं. घरघंटी, कपड्यांचं मशीन, पाण्याची मोटर, तिन्ही दिवसा लावा, असं ती बायकांना मीटरसमोर उभं करून सांगायची, आणि बायका ऐकायच्या. तिच्या वाट्याची अख्खी गल्ली दिवसाच्या वेळेवर आली होती. एक घर सोडून. कल्याणप्पांच्या घरात सगळं पहाटे फिरायचं, नाहीतर दिवेलागणीनंतर.

एजन्सीचा नियम असा, की गल्ली पूर्ण झाली तरच कार्यकर्तीचं काम पुढं चालू राहणार. महिना संपत आला होता. एका हेकट घरापायी इतक्या चांगल्या बाईचं काम जाणार, या विचारानं अमरसिंहचं डोकं फिरलं होतं. म्हणून तर तो धाराशिवहून स्वतः आला होता.

कल्याणप्पा कट्ट्यावर बसले होते. आत त्यांचा मुलगा महांतेश खाटेवर मोबाईल बघत पडला होता. साहेब दिसल्यावर तो उठून बसला, एवढंच. कल्याणप्पांच्या पत्नी, नागम्मा, शेंगा फोडत होत्या. त्यांनी अमरसिंहला खुर्ची दाखवली. शिवरंजनीला कुणी बस म्हटलं नाही. ती आत गेली आणि त्याच्यासाठी पाणी घेऊन आली. कुठल्याही घरात अशी घरच्यासारखी वावरणारी बाई एजन्सीला पुन्हा मिळायची नाही, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला जास्तच वाईट वाटलं.

त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऊन असतं तेव्हा वीज जास्त तयार होते, म्हणून ती स्वस्त. संध्याकाळी सगळ्यांनाच एकदम लागते, म्हणून ती महाग. काम तेवढंच, फक्त वेळ बदलायची. नागम्मा शेंगा फोडत ऐकत होत्या. समजलं का, असं त्यानं शेवटी विचारलं.

"समजायला काय झालं? तोंडपाठ हाय मला," त्या म्हणाल्या. "पण ते समदं आमची सून करती, आन् ती दिवसा घरी नसती. कामाला जाती. जायच्या आदी उरकती, राहिलेलं आल्यावर."

मग दिवसा घरी कोण असतं, असं त्यानं विचारलं. आमी तिघं असतो की, असं उत्तर आलं. तिघं असताना एक बटण दाबायला सून कशाला लागते, हे त्यानं जमेल तेवढ्या गोडीनं विचारलं. तर नागम्मांचे गुडघे धरलेले होते, आणि कल्याणप्पांना या वयात घरघंटीपाशी बसणं शोभणारं नव्हतं. महांतेश नुसता हसला.

"बापय माणसानं धुणं लावायचं व्हय, साहेब?" नागम्मा म्हणाल्या. "मग सून कशाला आणली?"

अमरसिंहनं मदतीसाठी शिवरंजनीकडं पाहिलं. एरवी घराघरांत तडातडा बोलणारी बाई आज मिठाची गुळणी धरून दाराशी उभी होती. याचाही त्याला राग आला. काम हिचं जाणार आणि घसा मी कोरडा करायचा.

सुनेला दुपारी तासभर सुटी मिळणार नाही का, हेही त्यानं विचारून पाहिलं.

"ती कशाची घेती? काम सोड म्हणून आमी सांगून थकलो. म्हणती, साहेब लई चांगले हायेत, असं काम पुन्हा गावायचं न्हाय."

आता मात्र अमरसिंहचा धीर सुटला. इतकी घरं झाली, इतकी डोकी झाली, पण असा दगड कुठं भेटला नव्हता.

"मग एक करा," तो म्हणाला. "पुरुषांनी हात लावायचा नाही, तुम्हाला जमत नाही, तर सुनेलाच घरी बसवा. द्या म्हणावं ते काम सोडून. वीज कंपनीचं काम करणारा माणूस सांगतोय म्हणून सांगा. पण उद्यापासून हे घर नऊ ते पाचमध्ये आलं पाहिजे."

नागम्मांचे हात थांबले. त्यांनी कट्ट्याकडं पाहिलं. कल्याणप्पांनी सावकाश मान डोलावली. महांतेशनं मोबाईल खाली ठेवला आणि साहेबांचं बरोबर आहे, असं म्हणाला.

अमरसिंहला हायसं वाटलं. गल्ली पूर्ण झाली, बाईचं काम वाचलं. कुणाची कोण सून, तिचं ती बघून घेईल. तो समाधानानं खुर्चीतून उठला.

नागम्मा दाराकडं वळल्या. "ऐकलंस का गं, शिवरंजनी? आता तर तुझे साहेबच सांगायलेत."