पेज पिणारी भिंत

गिरजाबाईच्या नातीचं बारसं झालं त्या वर्षी चंद्रपुरात पारा त्रेपन्नावर गेला. तान्ह्या पोरीला घरी आणायचं तर खोली थंड हवी, म्हणून कारागीर उष्णतारोधक नमुने घेऊन आला: काचेची लोकर, फोम, दाबलेला कापूस.

तिच्या घराच्या भिंती जुन्या वाणाच्या होत्या, धानाच्या तणसात, म्हणजे पेंढ्यात, वाढणाऱ्या जिवंत बुरशीच्या. जिथं रोज भाताची पेज पाजावी, तिथं त्या जाड होत आणि ऊन अडवत.

कारागिरानं हात फिरवून पाहिला. "आजी, तीन भिंती पापडासारख्या पातळ अन् या रिकाम्या खाटेमागची वीतभर! इथं कोण झोपते?"

"कोणी नाही जी."

"मग सारी पेज इथंच काहून पाजली?"

गिरजाबाई हसली. बुरशी नवी होती तेव्हा नवरा, दौलत, याच खाटेवरून हुकूम सोडायचा, "आधी भिंतीला पाज वो, मंग मला वाढ!" आणि स्वतःच्या वाटीतली अर्धी पेज भिंतीवर ओतायचा.

"तीन भिंतींना कापूस लाव बापू," ती म्हणाली. "हिला हात नको लावू. खाट काढ अन् पाळणा इथंच टांग."

दौलत नऊ वर्षांपूर्वी, अक्षय्य तृतीयेच्या दुपारी, याच खाटेवर उष्माघातानं वारला. तेव्हा भिंत जेमतेम बोटभर वाढली होती.