बाकीची नखं

"सगळ्या आश्रमाची सेवा करत बसू नकोस, एकच आजी गाठ. फक्त फोटोत तिचा हात तुझ्या हातात दिसला पाहिजे," एव्हरशाईन सिटीतल्या क्लासचे सर माझ्या निनादला म्हणाले होते. एमबीएच्या अर्जात त्याचे मार्क भरपूर होते, समाजसेवा तेवढी कमी पडत होती.

म्हणून गेल्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर वृद्धाश्रमात गेले. फिलोमिना आजींची नखं इतकी वाढली होती की माळेची प्रार्थना करताना तळव्यात रुतायची. निनादने त्यांचं एक नख कापलं, मान तिरकी करून हसला, मी फोटो काढला आणि तो उठला.

"आनि बाकीची, पोरा?" आजींनी हात तसाच पुढे धरून विचारलं.

"शनिवारी येऊन कापतो ना, आजी. प्रॉमिस."

आज शनिवार. सकाळी सरांचा फोन आला, प्रोफाइल आता झकास दिसतेय म्हणे. मी आजींची आठवण करून दिली, तर निनाद सोफ्यावरून हललासुद्धा नाही.

"आई, फोटो गेला ना अर्जाबरोबर. आता त्या घाणेरड्या नखांना कोण हात लावणार?"

मला किळस आली, ती त्याची.

 

शनिवारी नखं कापायची नाहीत हा नेम मी लग्नाआधीपासून पाळत आलेय. देवापुढे हात जोडले, नेलकटर पर्समध्ये टाकलं आणि रिक्षात बसले.