दुसरा ब्रेक

"पावसात मागच्या दारातून पाणी आत येतं हं," आईने गिऱ्हाइकाला सांगितलं, आणि लेकीने कपाळाला हात लावला.

गिऱ्हाईक नुकतंच इंजिनाचा आवाज ऐकून खूश झालं होतं. आता त्याने मागचं दार उघडलं, पायपुसणीखाली बोट फिरवलं, आणि बायकोला विचारून कळवतो म्हणत काढता पाय घेतला. त्याच्या आधीच्याला आईने क्लच कसकसा भाजून निघालाय ते रंगवून सांगितलं होतं.

"आई, तू गाडी विकतेयस की तिच्या चहाड्या करतेयस?"

"आहे ते सांगतेय. उद्या त्याची पोरं मागे बसतील, भिजतील."

लेक अंगणातल्या खालच्या पायरीवर बसली होती. बाळ तिच्यापुढे उभं होतं. त्याला आपला हात सोडवून घ्यायचा होता आणि ती सोडत नव्हती. फरशी कडक, टेंगूळ यायला वेळ लागत नाही.

शोरूमचा माणूस कालच येऊन गेला होता. ही जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये घेऊन तो बिनक्लचची छोटी गाडी देणार होता, आईच्या दुखऱ्या गुडघ्याला सोयीची. बाहेर विकली तर चार पैसे जास्त येतील, पण इथे ना जाहिरात, ना घासाघीस. फक्त आज संध्याकाळपर्यंत हो म्हणायचं होतं. सगळं जमत आलं होतं. जाता जाता त्याने शेजारच्या सीटपुढच्या दुसऱ्या ब्रेकवर बुटाचं टोक आपटलं. "हे आधी उपटून टाकू. मग कुठे ही विकण्यासारखी होईल."

तिथेच बिनसलं. आई म्हणाली, गाडी घरूनच विकायची.

या गाडीत आईने उभा जन्म ड्रायव्हिंग शिकवलं. स्टिअरिंग धरलं की हाताला कापरं भरणाऱ्या, नवऱ्याने शिकवता शिकवता रडवलेल्या बायका तिच्याकडे यायच्या. पहिल्या दिवशी ती प्रत्येकीला एकच सांगायची, "घाबरू नकोस. ब्रेक माझ्याकडेही आहे." तिचं नावच पडलं होतं, ब्रेकवाल्या काकू.

लेकही हिच्यातच शिकली. एकदा पुलाच्या चढावर गाडी बंद पडली आणि मागे घसरायला लागली. मागे एक बस उभी. लेकीने घाबरून आईकडे पाहिलं. आई एक हात मांडीखाली घेऊन, सिनेमा बघत असल्यासारखी समोर बघत होती. गाडीत एकच आवाज होता, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेली एक लोखंडी खीळ टकटक वाजत होती. मग कसं कोण जाणे, गाडी थांबली, सुरू झाली, चढली. आपण तरलो ते आईच्या पायामुळे, हे लेकीने तेव्हाच मनाशी धरलं. पुढे नोकरीचा पहिला दिवस असो की बाळंतपणाच्या कळा, ती डोळे मिटून तो पाय आठवायची.

फाटकापाशी एक टेम्पो आला आणि एका दमात उलटा आत शिरला. चालवणारी खाली उतरली.

"काकू, ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं? तू वाकवलेला खांब अजून तसाच आहे."

टेम्पोवाली खळखळून हसली. "टेम्पो बघून पोरी मागे लागतात, आम्हाला शिकव म्हणून. आता क्लासच काढते, ही गाडी मलाच द्या. दुसरा ब्रेक आहे ना अजून?"

"आहे. आणि मागच्या दाराचं..."

"माहितेय, काकू. माझी पाळी येईपर्यंत मी तिथेच बसायचे."

आई गुडघा धरत हळूहळू खाली बसली. तिने पदराला पुसून जुडग्यातली खीळ वर धरली आणि ब्रेकच्या मुळाशी बोट दाखवलं. "ही इथे बसते. बसवली की आपला ब्रेक लागतो. काढली की तो नुसता शोभेचा. उभी राहिलीस त्याच्यावर तरी काही होत नाही."

"मग काढायची कशाला?"

"सुरुवातीला बसवलेलीच ठेव. पोरीचा हात बसला असं वाटलं की एका सकाळी काढून जुडग्यात अडकव. तिला सांगू नकोस. नाहीतर ती चुकायच्या आधी आपला पाय पडतो, आणि गाडी तिची तिलाही थांबवता येते हे तिला कळतच नाही."

"आणि काही झालं तर?"

"मध्ये हँडब्रेक असतो की. पण हात उगाच तिकडे धावतो. म्हणून तो मांडीखाली दाबून बसायचं." आई हसली. "मुंग्या येतात. येऊ द्यायच्या."

टेम्पोवाली ब्रेककडे वाकली. "म्हणजे बाजारातल्या त्या गर्दीत..."

"तूच चालवत होतीस."

पायरीवरून लेकीची नजर खिळीवर गेली. पुलाचा चढ. मागची बस. टकटक, टकटक. खीळ त्या दिवशी जुडग्यात होती.

तिचा फोन वाजला. शोरूमवाला. "मॅडम, आणताय ना गाडी?"

"नाही. दिली आम्ही."

"अहो, पण आईंची गैरसोय होईल. नवी येईपर्यंत त्यांना नेणार-आणणार कोण?"

लेकीने आईकडे पाहिलं. आई खिळीवर तेलाचं बोट फिरवत होती.

"मी. मला येते गाडी."

फोन बाजूला ठेवून तिने बाळाचा हात सोडला. बाळ डुललं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा समोरच्या फरशीकडे पाहिलं, आणि एक पाय उचलला.

लेक समोर बघत राहिली, दोन्ही हात मांडीखाली दाबून.